खरेदीच्या पावतीपासून आयोगाच्या आदेशापर्यंत : ग्राहक संरक्षण कायदा प्रत्यक्षात कसा वापरावा

वॉशिंग मशीन दुरुस्त करायला आलेला माणूस जाताना आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागतो आणि आपण तो सहज सांगून टाकतो. तो आकडा भरला, की कंपनीच्या नोंदीत ‘तक्रारीचे निवारण झाले’ असे उमटते. माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत असे तीनदा झाले. मशीन घेतल्याला पाच महिने होत नाहीत तोच खालून पाणी गळू लागले. तीन वेळा माणूस येऊन गेला, तिन्ही वेळा ओटीपी दिला गेला, आणि शेवटी तिने मशीन बदलून मागितले तेव्हा ‘आपल्या तिन्ही तक्रारींचे समाधानकारक निवारण झालेले आहे’ असे उत्तर आले. कायदा तिच्या बाजूचा होता, पण तोपर्यंत तयार झालेले सगळे कागद कंपनीच्या बाजूचे होते.

ग्राहक आयोगापुढील, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकून आदेश देणाऱ्या न्याययंत्रणेपुढील, प्रकरण मुख्यतः शपथपत्रे आणि कागदपत्रे यांवरच चालते, साक्षीदारांच्या लांबलचक उलटतपासण्या तिथे सहसा होत नाहीत. त्यामुळे खरेदीच्या दिवसापासून आयोगात अर्ज देईपर्यंत आपण काय लिहिले, काय जपले आणि कशावर सही केली, यावरच बहुतेक प्रकरणांचा निकाल ठरतो. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या आधारे केले आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याने १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली.

आधी पाहावे : कायद्याच्या दृष्टीने आपण ग्राहक आहोत का?

मोबदला देऊन, किंवा देण्याचे कबूल करून, वस्तू वा सेवा घेणारी व्यक्ती ग्राहक ठरते. हप्त्याने घेतलेली वस्तू, ऑनलाइन खरेदी आणि दूरध्वनीवरून केलेली मागणी हे सर्व यात येते. खरेदीदाराच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते, म्हणून मुलाने घेऊन दिलेल्या श्रवणयंत्राबद्दल आई स्वतः तक्रार करू शकते. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी मात्र वगळलेली आहे. त्यालाही एक महत्त्वाचा अपवाद आहे. स्वतः राबून, केवळ पोटापाण्यासाठी जो व्यवसाय चालवतो, त्याचे शिलाई यंत्र किंवा रिक्षा या वगळणुकीत येत नाही. ‘तुमची खरेदी व्यापारी आहे’ हा बचाव कंपन्या फार सर्रास घेतात. ती तशी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्या कंपनीवरच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

पूर्णपणे विनामूल्य मिळालेली सेवा या कायद्याखाली येत नाही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून निःसंशय येते. वकिलांची सेवा मात्र २०२४ च्या निकालानुसार येत नाही.

विक्रेत्यावर आणि उत्पादकावर कायदा कोणती बंधने घालतो

आपली तक्रार नेमकी कोणत्या खणात बसते हे ओळखता आले, की पुढचे लेखन निम्म्याने सोपे होते. वस्तूच्या दर्जात, प्रमाणात, शुद्धतेत वा मानकात उणीव असेल तर ते ‘दोष’, आणि सेवेत कसूर असेल तर ती ‘सेवेतील त्रुटी’. गळणारे मशीन हा दोष झाला आणि तीन भेटींत ते दुरुस्त न होणे ही सेवेतील त्रुटी झाली. अर्जात या दोन्हींचा स्वतंत्र उल्लेख करावा, कारण पहिल्यासाठी वस्तू बदलून किंवा पैसे परत मागता येतात आणि दुसऱ्यासाठी भरपाई.

तिसरा प्रकार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हा. लोकांना याची व्याप्ती ठाऊक नसते, म्हणून थोडे थांबून सांगतो. विकलेल्या वस्तूचे बिल न देणे हीच मुळी अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलाच्या तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत आणि दुकानदार त्यावर बोट ठेवतो तेव्हा मुकाट्याने परत फिरतो. सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे याला कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवले आहे, त्यामुळे त्या छापील ओळीने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. इथे ‘सदोष’ या शब्दाकडे नीट लक्ष द्यावे. रंग आवडला नाही किंवा माप चुकले म्हणून वस्तू परत करण्याचा हक्क या तरतुदीने मिळत नाही, तो दुकानाच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून असतो. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला पुरवणे हीदेखील अशीच प्रथा मानली आहे.

चौथा प्रकार ‘अनुचित करार’. अवाजवी अनामत रक्कम, करारभंगामुळे झालेल्या नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड, कर्ज मुदतीपूर्वी फेडायला नकार, किंवा सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याचा अधिकार, अशा अटी यात मोडतात. मात्र अनुचित कराराचा निवाडा करण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे, आणि रक्कम त्याच्या मर्यादेबाहेरची असेल तर राष्ट्रीय आयोगाकडे जावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे चुकीच्या दारात वर्ष-दोन वर्षे घालवणारे लोक आहेत.

सदोष उत्पादनामुळे इजा झाली किंवा इतर मालमत्तेचे नुकसान झाले, तर कायद्यातले ‘उत्पादन दायित्व’ (सदोष उत्पादनाची जबाबदारी) हे प्रकरण लागू होते. ही तरतूद १९८६ च्या कायद्यात नव्हती. उत्पादनात निर्मितीचा किंवा रचनेचा दोष असेल, किंवा वापराच्या पुरेशा सूचना दिलेल्या नसतील, तर उत्पादक जबाबदार धरला जातो. उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेत्यालाही जबाबदार धरता येते. उत्पादनाचा गैरवापर झाला असेल किंवा त्यात परस्पर फेरफार केला असेल, तर मात्र विक्रेत्याला बचाव मिळतो.

ऑनलाइन व्यवहारांसाठी २०२० चे स्वतंत्र नियम आहेत. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर द्यायचा असतो. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे. संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवता येत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी संकेतस्थळांवरील फसव्या रचनांचे तेरा प्रकार नावानिशी नोंदवले आहेत. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, टोपलीत न विचारता घुसडलेला विमा किंवा देणगी, शेवटच्या पानावर अचानक वाढणारी किंमत आणि वर्गणी बंद करण्याची वाट मुद्दाम दडवून ठेवणे, हे त्यांतले नेहमी भेटणारे नमुने. असे काही दिसले तर तत्क्षणी स्क्रीनशॉट घ्यावा, कारण ते पान दुसऱ्या दिवशी तसेच असेल याची खात्री नसते.

वेष्टनबंद वस्तूंवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन वा माप, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि ग्राहक संपर्काचा तपशील छापणे वैधमापन (वजन-मापांविषयीच्या) नियमांनी सक्तीचे आहे. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा माप कमी भरले, तर राज्याच्या वैधमापन यंत्रणेकडे तक्रार करावी. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अंकाक्षरांचा ओळख क्रमांक असतो आणि भारतीय मानक ब्युरोच्या अ‍ॅपवर तो तपासता येतो. ही तपासणी दुकानातून निघण्यापूर्वीच करावी.

कागद जमवणे

पक्के बिल घ्यावे आणि ते थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी त्याचा फोटो काढावा, कारण त्यावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि वस्तूचा अनुक्रमांक भरून घ्यावा. जाहिरातीतील ज्या आश्वासनावर विसंबून खरेदी केली, ती जाहिरात जपून ठेवावी.

दुरुस्तीची भेट हा सर्वांत दुर्लक्षित, म्हणून सर्वांत महत्त्वाचा टप्पा. कामाच्या नोंदपत्रकावर तंत्रज्ञ इंग्रजीत ‘ओके’ असे लिहून सही मागतो. त्या सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात ‘मशीन एकदा चालवून पाहिले, ड्रमखालून गळती सुरूच आहे’ असे लिहावे, तारीख-वेळ घालावी आणि मगच सही करावी. पत्रकाची प्रत मिळत नसेल तर फोटो काढावा. काम पूर्ण झाल्याची खात्री होईपर्यंत ओटीपी देऊ नये. तंत्रज्ञ फार अजिजी करू लागला, तर त्याच्यावर राग न धरता, त्याच्यासमोरच कंपनीला ‘भेट झाली, दोष कायम आहे’ असा ईमेल पाठवावा. बहिणीने चौथ्या भेटीत नेमके हेच केले आणि पुढे तो एकच कागद आयोगापुढे आधीच्या तीन ओटीपींना पुरून उरला.

दूरध्वनीवरील बोलण्याला पुरावा म्हणून फारसा आधार नसतो. म्हणून प्रत्येक संभाषणानंतर ‘आज आपल्या प्रतिनिधीने अमुक सांगितले’ अशा दोन ओळी लेखी पाठवण्याची सवय लावून घ्यावी.

आयोगाआधीची दारे

पहिली लेखी तक्रार कंपनीच्याच तक्रार विभागाकडे करावी व तिचा क्रमांक टिपून ठेवावा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन कंपनीशी पत्रव्यवहार करून तोडगा काढते, आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. तरीही लहान रकमांच्या आणि ऑनलाइन खरेदीच्या बाबतीत मी हेच दार आधी ठोठावायला सांगतो. मात्र हेल्पलाइनवर तक्रार केल्याने आयोगाकडे जाण्याची मुदत थांबत नाही, हे विसरू नये.

बँकेच्या सेवेबद्दल बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. विम्यासाठी विमा लोकपाल आणि सदनिकांसाठी महारेरा हे राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण आहे. ग्राहक कायदा इतर कायद्यांच्या जोडीला असल्यामुळे ही दारे असूनही आयोगाचा मार्ग खुला राहतो, आणि करारात लवादाचे कलम (वाद न्यायालयाऐवजी त्रयस्थाकडून सोडवण्याची अट) असले तरीही तो बंद होत नाही. मात्र एकाच मागणीसाठी दोन ठिकाणी एकदम दाद मागू नये.

फसवी जाहिरात किंवा असंख्य ग्राहकांना बाधणारी प्रथा असेल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. हे प्राधिकरण वस्तू बाजारातून परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ते १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातीत झळकणाऱ्या व्यक्तीने योग्य ती शहानिशा केली नसेल, तर तिलाही दंड आणि एक वर्षापर्यंत जाहिरातबंदी होऊ शकते. एका ग्राहकाची वैयक्तिक भरपाई मात्र आयोगाकडेच मागावी लागते.

नोटीस

कायद्याने सक्ती केलेली नसली तरी अर्जाआधी नोटीस पाठवावीच. ती वकिलाचीच असावी असे नाही. शक्यतो एका पानात, भावना बाजूला ठेवून, पुढीलप्रमाणे लिहावे :

‘मी दिनांक … रोजी आपल्याकडून बिल क्रमांक … अन्वये रु. … देऊन … ही वस्तू खरेदी केली. दिनांक … पासून तिच्यात … हा दोष आढळला. आपल्याकडे दिनांक … रोजी तक्रार क्रमांक … नोंदवूनही दोष दूर झालेला नाही. सबब ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत वस्तू बदलून द्यावी अथवा रु. … व्याजासह परत करावेत. अन्यथा मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल व त्याचा खर्च आपणांवर राहील.’

ती दुकानदार आणि उत्पादक या दोघांनाही स्पीड पोस्टाने पाठवावी, शिवाय ईमेल करावा, आणि पोच झाल्याची नोंद छापून ठेवावी. फक्त दुकानदाराला नोटीस दिली तर तो उत्पादकाकडे बोट दाखवतो आणि फक्त उत्पादकाला दिली तर तो दुकानदाराकडे.

कोणत्या आयोगात, किती दिवसांत, किती शुल्क भरून

अधिकारक्षेत्र प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर ठरते. मागितलेली भरपाई त्यात धरत नाहीत. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाखांहून अधिक ते २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, १० लाखांपर्यंत रु. २००, २० लाखांपर्यंत रु. ४०० आणि ५० लाखांपर्यंत रु. १,०००. घरगुती खरेदीची बहुसंख्य प्रकरणे त्यामुळे एक रुपयाही शुल्क न भरता दाखल होतात.

२०१९ च्या कायद्याची सर्वांत मोलाची देणगी माझ्या मते दुसरीच आहे. ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, त्या जिल्ह्यातही आता तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असो वा बेंगळुरूला, परभणीच्या ग्राहकाने परभणीच्या आयोगात अर्ज द्यावा.

मुदत दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. उशीर झाला असेल तर सबळ कारणांसह विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज जोडावा लागतो आणि तो मंजूर होईलच असे नाही. नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत वाढत नाही. कंपनी गोड उत्तरे देत राहते आणि त्यात दोन वर्षे निघून जातात, म्हणून नोटिशीची मुदत संपताच लगेच अर्जाच्या तयारीला लागावे.

तक्रार अर्ज आणि सुनावणी

वकील न देता स्वतः अर्ज करता येतो, आणि ई-जागृती पोर्टलवर तो घरबसल्या दाखल होतो. अर्जात दोन्ही पक्षांची नावे-पत्ते, घटनाक्रम, दोष वा त्रुटी, अधिकारक्षेत्र, मुदत आणि मागणी एवढे मुद्दे हवेत. घटनाक्रम तारीखवार लिहावा आणि प्रत्येक विधानासमोर कोणता कागद जोडला आहे त्याचा क्रमांक द्यावा. सोबत सत्यतेचे शपथपत्र आणि कागदपत्रांची यादी जोडावी.

मागणीचा परिच्छेद फार काळजीपूर्वक लिहावा, कारण न मागितलेली गोष्ट सहसा मिळत नाही. मूळ रक्कम, त्यावरील व्याज आणि कोणत्या तारखेपासून, मानसिक व शारीरिक त्रासाची भरपाई, आणि तक्रारीचा खर्च, हे चारही वेगवेगळे लिहावेत. २० हजारांच्या वस्तूसाठी २० लाखांची भरपाई मागू नये, तशा मागणीने उरलेल्या अर्जाचेही वजन कमी होते.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे आयोगाने साधारणपणे २१ दिवसांत ठरवायचे असते, आणि तक्रारदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय ती फेटाळता येत नाही. आयोगाची नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला लेखी जबाब देण्यासाठी ३० दिवस मिळतात आणि आयोग फार तर आणखी १५ दिवस वाढवू शकतो. ही ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा मार्च २०२० चा निकाल आहे. म्हणून नोटीस कधी बजावली गेली ती तारीख लक्षात ठेवावी आणि जबाब उशिरा आला तर लगेच लेखी हरकत घ्यावी.

दोष उघड्या डोळ्यांनी दिसत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवण्याची विनंती करता येते. त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. तपासणी नसलेली तक्रार तीन महिन्यांत आणि तपासणी असलेली पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून बराच जास्त काळ लागतो, आणि मनाची तयारी तशीच ठेवावी. व्हिडिओद्वारे सुनावणीसाठी अर्ज करता येतो. तारखेला गैरहजर मात्र राहू नये, कारण तक्रार त्याच कारणावरून काढून टाकली जाऊ शकते.

मध्येच आयोग मध्यस्थी सुचवू शकतो. रक्कम पदरात लवकर पडावी असे वाटत असेल तर तिचा विचार जरूर करावा, पण तडजोडीच्या मसुद्यात रक्कम, तारीख आणि ती चुकल्यास लागणारे व्याज स्पष्ट लिहून घ्यावे. तडजोडीवर झालेल्या आदेशाविरुद्ध अपील करता येत नाही.

आदेश मिळाल्यानंतर

आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, पैसे व्याजासह परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. आदेशाची प्रमाणित प्रत विनाशुल्क मिळते. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, आणि रक्कम द्यायचा आदेश झालेल्या कंपनीला अपिलासाठी तिच्यातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, अशी स्थिती वारंवार येते. अशा वेळी आदेशातील मुदत संपताच त्याच आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी. कलम ७१ प्रमाणे आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी होते, म्हणजे मालमत्तेवर जप्तीही येऊ शकते. कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बहिणीला आदेशानंतर चार महिने कंपनीकडून एक ओळही आली नव्हती. दरखास्तीची नोटीस निघाली आणि दुसऱ्याच तारखेला कंपनीचा वकील धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) घेऊन हजर झाला. तो घेताना तिने आकडेमोड पुन्हा करून पाहिली, तेव्हा आदेशाच्या तारखेपासून पुढचे व्याज त्यात धरलेलेच नव्हते. तिने तसे लिहून दिले, उरलेली रक्कम पुढच्या तारखेला घेतली, आणि मगच पूर्ण वसुली झाल्याची पुरशिस (लेखी निवेदन) सही करून आयोगात दाखल केली.